८,४०० आरपीएमची कूपे : जुनी अक्युरा इंटेग्रा टाइप आर ओळखायची, पारखायची आणि सांभाळायची कशी

न्यू जर्सीत एका रविवारी सकाळी मी पांढरी इंटेग्रा टाइप आर बघायला गेलो होतो. १९९८ चं मॉडेल. मागे उंच स्पॉइलर, चाकाला पाच नट, लाल दोऱ्याची शिवण असलेल्या काळ्या सीट, आणि बॉनेट उघडल्यावर समोर लाल व्हॉल्व्ह कव्हर. इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला कोडही बरोबर होता, बी१८सी५. माझं मन केव्हाच "घेऊन टाकू" म्हणायला लागलं होतं. सोबत आलेल्या मित्राने मात्र समोरच्या काचेखालच्या पट्टीवर मोबाइलचा उजेड टाकला आणि मला हाक मारली, "अरे, इकडे ये जरा. इथे डीसी२ नाही, डीसी४ लिहिलंय."

म्हणजे सांगाडा साध्या, स्वस्तातल्या इंटेग्राचा होता. वरचं सगळं कुठल्या तरी खऱ्या टाइप आरचं काढून चढवलेलं. ती खरी गाडी अपघातात गेली की चोरीत, हे विकणाऱ्याला सांगता येईना. आम्ही त्याचे आभार मानले आणि परत फिरलो.

त्या दिवसानंतर मी एक क्रम ठरवला आणि पुढे प्रत्येक गाडी त्याच क्रमाने बघितली. आधी नंबर, मग पत्रा, मग इंजिन, मग चालवून बघणं आणि शेवटी पैशाचं बोलणं. नवखा माणूस नेमका उलटा जातो. तो आधी आवाज ऐकतो, मग चालवतो, भुलतो आणि नंबर बघायचं राहून जातं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींत या गाडीची चौकशी करणारे बरेच भेटतात, म्हणून हा क्रम सविस्तर लिहून काढतोय.

पायरी पहिली : ही गाडी नेमकी काय आहे, ते समजून घ्या

अक्युरा हा होंडाचाच उत्तर अमेरिकेतला वरच्या दर्जाचा ब्रँड. १९८६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा दुकानात दोनच गाड्या होत्या, लेजंड आणि इंटेग्रा. पुढे १९९२ मध्ये होंडाने आपल्या एनएसएक्स या स्पोर्ट्स कारची हलकी, कडक 'टाइप आर' आवृत्ती जपानात काढली. तिच्यानंतर १९९५ मध्ये तिथेच इंटेग्रा टाइप आर आली आणि अमेरिकेत ती पोचली १९९७ मध्ये. एनएसएक्सचे प्रमुख अभियंते शिगेरू उएहारा यांचाच हात या गाडीवरही फिरला होता. तिचा 'चॅम्पियनशिप व्हाइट' हा किंचित पिवळसर पांढरा रंग होंडाच्या जुन्या फॉर्म्युला वन गाडीची आठवण म्हणून दिलेला. १९६५ मध्ये मेक्सिकोत रिची गिंथरने होंडाला पहिली फॉर्म्युला वन शर्यत जिंकून दिली, ती अशाच पांढऱ्या गाडीतून.

आता आकडे. इंजिन १,७९७ सीसी, चार सिलिंडर, टर्बो नाही. ताकद १९५ अश्वशक्ती, आणि ती मिळते ८,००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेत असताना. लाल रेघ, म्हणजे फेऱ्यांची वरची मर्यादा, ८,४०० वर. लिटरमागे १०८ अश्वशक्ती ही त्या काळात टर्बो नसलेल्या, रोजच्या वापराच्या गाडीसाठी फार मोठी गोष्ट होती. पिस्टनची एक धाव ८७.२ मिलिमीटरची आहे. ८,४०० आरपीएमला इंजिन सेकंदाला १४० फेरे घेतं, म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटरच्या वर जातो. हे झेपावं म्हणून होंडाने या इंजिनाला वेगळे पिस्टन, जास्त मजबूत कनेक्टिंग रॉड, हलके व्हॉल्व्ह आणि दुहेरी स्प्रिंग दिल्या. हवा जिथून आत येते ती सिलिंडर हेडची भोकं कारागीर हाताने घासून गुळगुळीत करत.

व्हीटेक हा शब्द पुण्या-मुंबईच्या लोकांना नवा नाही. जुनी होंडा सिटी व्हीटेक ज्यांनी चालवली आहे त्यांना त्याची चव माहीत आहे. तत्त्व सोपं आहे. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे उंचवटे असतात, एक शांत चालीसाठी आणि दुसरा उंच, जोरात पळण्यासाठी. ठरावीक आरपीएमला ऑइलच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, रॉकर आर्म एकमेकांत अडकतात आणि पुढे व्हॉल्व्ह त्या उंच उंचवट्यावर चालायला लागतात. टाइप आरमध्ये हा बदल ५,७०० च्या आसपास होतो. तोवर ही गाडी समजूतदार असते. त्याच्यापुढे आवाजच बदलतो.

इंजिन हा अर्धाच भाग झाला. सांगाड्याला जागोजागी जास्तीचे जोड आणि मजबुती, पुढे स्ट्रट बार (सस्पेन्शनच्या दोन्ही बाजू जोडणारी दांडी), मोठे ब्रेक, कडक सस्पेन्शन, जवळजवळचे पाच गिअर आणि पुढच्या चाकांसाठी लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल. वजन वाचवायला आवाज रोखणारं अस्तर कमी केलं. सगळी मिळून साधारण १,१८० किलो. रिअलटाइम रेसिंगचे पीटर कनिंगहॅम यांनी अमेरिकेच्या टूरिंग कार शर्यतींत ही गाडी वर्षानुवर्षं पळवली आणि जिंकवली.

पायरी दुसरी : दुर्मीळ म्हणजे किती?

१९९७ मध्ये अमेरिकेसाठी फक्त ३२० गाड्या आल्या, सगळ्या पांढऱ्या. त्यानंतर १९९८, २००० आणि २००१. चारही वर्षांच्या मिळून चार हजारांच्या आत. १९९९ हे मॉडेल वर्ष अमेरिकेत नव्हतंच. तेव्हा कोणी 'नाइंटी नाइनची अमेरिकन टाइप आर' विकायला काढली असेल, तर पुढे बोलायची गरज नाही.

रंगांवरूनही पहिली चाळणी लागते. १९९७ म्हणजे पांढरा. १९९८ ला पांढरा आणि काळा. २००० आणि २००१ ला काळा आणि फिनिक्स यलो नावाचा झगझगीत पिवळा. पांढरा नंतरच्या दोन वर्षांत नाही, आणि पिवळा आधीच्या दोन वर्षांत नाही.

पण खरी टंचाई या आकड्यांच्या आत दडली आहे. यातल्या कितीतरी गाड्या चोरीला गेल्या, कितीतरी ट्रॅकवर ठोकल्या गेल्या, आणि उरल्यासुरल्यांना मालकांनी आपापल्या हौसेने बदलून टाकलं. कोणी टर्बो बसवला, कोणी सस्पेन्शन कापलं, कोणी आतल्या सीट विकून खाल्ल्या. कारखान्यातून निघाली तशी, स्वतःच्याच इंजिनावर आणि स्वतःच्याच पत्र्यावर उभी असलेली टाइप आर आज हातात येणं ही भाग्याची गोष्ट आहे. जवळजवळ नवी राहिलेली गाडी लिलावात एक लाख डॉलरच्या पुढे गेली, ती याच कारणाने. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की दीड लाख मैल चाललेली पण मूळ अवस्थेतली गाडी, साठ हजार मैल चाललेल्या आणि सगळं बदललेल्या गाडीपेक्षा आधी घ्यावी. मैल भरून काढता येतात. मूळ भाग होंडाने एकेक करून बनवणं थांबवलंय, ते कुठून आणणार?

पायरी तिसरी : नंबर वाचायला शिका

इथे घाई करू नका. मी स्वतः या पायरीला अर्धा तास देतो आणि विकणाऱ्याला तसं आधीच फोनवर सांगून ठेवतो. खऱ्या मालकाला त्याचं काही वाटत नाही, उलट तो कौतुकाने सगळं दाखवतो.

अमेरिकेत प्रत्येक गाडीला सतरा अक्षरांचा नंबर असतो, त्याला इथे सगळे 'व्हिन' म्हणतात. टाइप आरचा व्हिन सुरू होतो जेएच४ ने आणि पुढे येतं डीसी२३१. हे डीसी२३१ पाठ करून टाका. डीसी२ असूनही पुढचे आकडे वेगळे असतील तर ती जीएस-आर, म्हणजे १७० अश्वशक्तीची धाकटी बहीण. गाडी तीही छान आहे, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. डीसी४ असेल तर व्हीटेक नसलेली साधी इंटेग्रा.

दहावं अक्षर वर्ष सांगतं. व्ही म्हणजे १९९७, डब्ल्यू म्हणजे १९९८, वाय म्हणजे २००० आणि १ हा आकडा म्हणजे २००१. अकरावं अक्षर एस, कारण गाड्या सुझुकाच्या कारखान्यात तयार झाल्या.

हा नंबर एकाच जागी वाचून थांबू नका. काचेखालची पट्टी, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल आणि बॉनेटखाली मागच्या भिंतीवर ठोकलेला नंबर, तिन्ही जुळायला हवेत. त्यानंतर पत्र्यावरची छोटी लेबलं शोधा. चोरीचं प्रमाण जास्त असलेल्या गाड्यांच्या भागांवर व्हिन लावायचा कायदा अमेरिकेत आहे, म्हणून बॉनेट, पुढचे मडगार्ड, दारं, डिकीचं झाकण यांच्यावर आतल्या बाजूने नखाएवढं लेबल असतं. एखाद्या भागावर ते नसेल, तर तो भाग बदललेला आहे किंवा रंगकामात लेबल गेलंय. एक मडगार्ड बदललेलं असणं हा गुन्हा नाही, पण ते आपल्याला आधी कळलं पाहिजे. आणि एखाद्या लेबलावर दुसऱ्याच गाडीचा नंबर दिसला, तर तिथे नक्की पाणी मुरतंय.

मग इंजिन. ब्लॉकवर बी१८सी५ आणि त्याच्यापुढे अनुक्रमांक ठोकलेला असतो. जागा काजळलेली असते, त्यामुळे एक फडकं आणि थोडं क्लीनर सोबत न्या. अक्षरं एका ओळीत, सारख्या खोलीची आहेत ना बघा. बोटाने चाचपलं की घासून पुन्हा ठोकलेली जागा खोलगट लागते. गिअरबॉक्सवर एस८० हा कोड शोधा. पुढच्या दोन सीटमधल्या कन्सोलवर गाडीच्या क्रमांकाची छोटी पट्टी असते, ती जागेवर आहे का तेही बघा. मात्र ती पट्टी सुटी काढता येते, तेव्हा केवळ तिच्यावर विश्वास टाकू नका.

सगळ्यात सोपी खूण शेवटी सांगतो. अमेरिकन टाइप आरला सनरूफ नव्हतं. छतात काच दिसली की ती टाइप आर नाही.

पायरी चौथी : पत्रा

उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते या गाडीच्या मागच्या चाकावरच्या कमानीत जाऊन बसतं. त्या कमानीच्या कडेमागे बोट घालून फिरवा. आतून खरबरीत लागलं किंवा रंगाला फोड आलेले दिसले तर गंज बाहेर यायच्या बेतात आहे. बाहेरून लिंपून रंग दिलेली कमानही असते, त्यासाठी रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळतं. जुनी गाडी घेणाऱ्याने ते घ्यावंच. डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनीच्या खळग्यात पाणी साचल्याच्या खुणा आहेत का बघा.

खाली वाकून मागच्या ट्रेलिंग आर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे, रबरी बुश बघून घ्या. रबर फाटलेलं असेल तर गाडी वळणावर मागून सैल वाटते. खर्च फार नाही, पण भावात धरायचा.

पायरी पाचवी : इंजिन

विकणाऱ्याला आधीच सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." इंजिन थंड असतानाच पुष्कळ काही कळतं. ऑइलची काठी ओढा, पातळी बघा. हे इंजिन जोरात पळवलं की ऑइल खातं, हे होंडाप्रेमींना ठाऊक आहे. काठी कोरडी निघाली तर मालकाने लक्ष दिलेलं नाही, आणि ऑइलशिवाय ८,००० आरपीएम म्हणजे इंजिनाचा जीव घेणं.

ऑइल गळायच्या दोन जागा ठरलेल्या. एक डिस्ट्रिब्युटरच्या मुळाशी असलेली रबरी रिंग आणि दुसरी व्हीटेक सोलेनॉइडची जाळीदार गॅस्केट. दोन्ही स्वस्त आहेत, दोन्ही तासाभरात बदलतात. घाबरायचं कारण नाही.

टायमिंग बेल्ट मात्र गंभीर बाब आहे. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि हेड खलास होतं. होंडाने मैलांचं वेळापत्रक दिलंय, पण २५ वर्षांच्या गाडीत मैलांपेक्षा वर्षं मोजा. बेल्ट, वॉटर पंप आणि टेन्शनर शेवटचे कधी बदलले त्याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेच नाहीत असं धरून चाला.

गाडी तुम्हाला पटत आली असेल तर एखाद्या स्वतंत्र मेकॅनिककडून कॉम्प्रेशन आणि लीकडाउन, म्हणजे सिलिंडरमधला दाब आणि त्याची गळती, तपासून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असायला हवेत. जुन्या होंडांवर काम केलेला माणूस शोधा. तो शंभर-दोनशे डॉलर घेईल आणि तुमचे काही हजार वाचवील.

पायरी सहावी : चालवून बघा

पहिली दहा-पंधरा मिनिटं ४,००० च्या वर जाऊ नका. पाणी गरम झाल्याशिवाय संगणक व्हीटेक लागूच देत नाही, आणि ऑइल गरम व्हायला पाण्याहून जास्त वेळ लागतो. विकणाऱ्यानेच थंड इंजिन ताणून दाखवलं, तर त्याने ते रोजच केलंय असं समजा.

या वेळात गिअर तपासा. दुसरा आणि तिसरा हे या गिअरबॉक्सचे दुखरे गिअर. सावकाश टाकले तर ते गुण्यागोविंदाने पडतात, म्हणून इंजिन गरम झाल्यावर जरा वरच्या आरपीएमला, झटकन टाकून बघा. हाताला 'करर्र' जाणवलं तर सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवणाऱ्या रिंगा, झिजलेत. तिसऱ्यात असताना अचानक ॲक्सिलरेटर सोडा, गिअर निसटतो का बघा.

आता ज्यासाठी आलात ते. मोकळा रस्ता, दुसरा गिअर, पाय खाली दाबा. ३,००० ला काही विशेष वाटणार नाही. ४,००० ला तुम्ही म्हणाल, "एवढंच?" टॉर्क १७६ न्यूटन-मीटर आहे आणि तोही ७,५०० ला मिळतो, तेव्हा खालून धक्का मिळेल ही अपेक्षाच ठेवू नका. ५,७०० ला मात्र आवाजाचा पोत बदलतो. घोगरा सूर एकदम धारदार होतो, काटा झपाट्याने चढायला लागतो, आणि जिथे बाकीच्या गाड्या दमतात तिथे हिला जोर येतो. ८,००० ला मन म्हणतं गिअर बदल, आणि अजून ४०० बाकी असतात.

त्यानंतर तिसरा टाका आणि काटा कुठे पडतो ते बघा. दुसऱ्या गिअरचं प्रमाण २.१०५, तिसऱ्याचं १.४५८. ८,४०० ला गिअर बदलला तर काटा साधारण ५,८०० वर येतो, म्हणजे व्हीटेकच्या रेषेच्या जेमतेम वर. हा योगायोग नाही. गिअर असे जवळजवळ बसवलेत की दुसऱ्यापासून पुढे इंजिन त्या उंच कॅमवरून खाली उतरतच नाही. चौथ्याला आणि पाचव्याला तर काटा ६,३०० च्या पुढेच राहतो. हे गणित मी कागदावर मांडलं तेव्हा मला ही गाडी खऱ्या अर्थाने कळली. तिची ताकद इंजिनात जेवढी आहे तेवढीच गिअरमध्ये आहे, आणि ती बाहेर काढायचं काम चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला आणि उजव्या हाताला दिलेलं आहे.

शून्य ते साठ मैल सात सेकंदांच्या आत होतात, आणि साठ दुसऱ्याच गिअरमध्ये गाठता येतात. आजची चांगली टर्बो सेडान सिग्नलवरून हिच्या पुढे निघून जाईल. जाऊ द्या. वळणावर मात्र हिची मजा वेगळी. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या वळणात जोर दिला की बाहेर सरकतात. इथे लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल आतल्या चाकाचा जोर बाहेरच्या चाकाला देतं, आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडीचं नाक चक्क आत ओढलं जातं. स्टिअरिंगला तो ओढा हलकेच जाणवतो. तो नसेल आणि आतलं चाक नुसतं फिरत असेल, तर गिअरबॉक्स मूळचा नाही किंवा डिफरेन्शियल गेलंय. पुन्हा तिसऱ्या पायरीवर जा.

हायवेवर ७० मैलांच्या वेगाला इंजिन ३,५०० च्या वर फिरत असतं आणि आत बऱ्यापैकी गोंगाट असतो. तो दोष नव्हे. मुलांना मागे बसवून लांबच्या सहलीला जायची ही गाडी नाही, हे घरात आधीच बोलून घ्या.

पायरी सातवी : कागद, विमा, चोर

टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, हातात घेऊन वाचा. त्यावर 'सॅल्व्हेज' किंवा 'रिबिल्ट' असेल तर गाडी कधी तरी विमा कंपनीने निकालात काढलेली होती. स्वस्त मिळाली तरी पुढे विकताना तोच शिक्का तुमच्या गळ्यात पडतो.

साध्या विमा पॉलिसीत कंपनी २००० सालच्या 'एका अक्युरा'चा भाव लावते, आणि तो ऐकून रडू येतं. जुन्या, संग्राह्य गाड्यांसाठी ठरलेल्या रकमेची पॉलिसी मिळते. गाडीचे फोटो आणि पावत्या देऊन रक्कम आधीच कागदावर ठरवून घ्या, आणि गाडी घरी आणण्याच्या आदल्या दिवशी पॉलिसी सुरू करा.

चोरीचं भय खरं आहे. हे इंजिन आणि गिअरबॉक्स त्या काळच्या सिव्हिकमध्ये फार खटाटोप न करता बसतात, म्हणून इंटेग्रा चोरांच्या यादीत वर्षानुवर्षं अग्रस्थानी होती. बंद गॅरेज नसेल तर ही गाडी घेऊ नका, असं मी कळकळीने सांगतो. इंधन पंपाला लपवलेला स्विच, स्टिअरिंगला कुलूप आणि आत ट्रॅकर, तिन्ही लावा. फोटो कोणालाही पाठवताना मागे घराचा नंबर किंवा ओळखीची गल्ली दिसत नाही ना, याकडेही लक्ष द्या.

जपानहून आणायची असेल तर

२५ वर्षं उलटलेली परदेशी गाडी अमेरिकेत आणता येते, त्यामुळे जपानी टाइप आरची वाट आता मोकळी आहे. तिचं इंजिन २०० अश्वशक्तीचं, सीट रेकारोच्या, दिवे लांबट, होंडाचं 'एच' चिन्ह लाल आणि स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. तिथे चार दारांचीही टाइप आर होती. कॅलिफोर्नियात धुराचे नियम वेगळे आणि फार कडक आहेत, तिथल्या मंडळींनी पैसे भरण्याआधी नोंदणीचं पक्कं करून घ्यावं. जपानी गाडीला सतरा अक्षरांचा व्हिन नसतो. दोन दारांच्या गाडीवर डीसी२ आणि पुढे अनुक्रमांक असतो, तेव्हा वरची नंबरांची पायरी तिला जशीच्या तशी लागू होत नाही.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांना मात्र नाही म्हणावं लागतं. ही गाडी भारतात कधी अधिकृतपणे विकली गेली नाही, आणि वापरलेल्या गाडीच्या आयातीला तीन वर्षांची वयोमर्यादा आहे.

गाडी घरी आल्यावर

पहिल्याच आठवड्यात सगळी द्रवं बदला. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक फ्लुइड, कूलंट. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. सहा-सात वर्षांपेक्षा जुने असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, काढून टाका. पेट्रोल कायम प्रीमियम, ९१ ऑक्टेनचं. दर दुसऱ्या टाकीला ऑइलची काठी. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर, फीलर गेजने तपासून घेणं ३०,००० मैलांनी एकदा. काढलेला प्रत्येक मूळ नट-बोल्ट, मूळ सायलेन्सर, मूळ स्प्रिंग, काहीही विकू नका. खोक्यात घालून नाव लिहून ठेवा.

आणि एक दिवस असा येईल की उन्हात उभी राहिलेली गाडी चालूच होणार नाही. स्टार्टर फिरेल, इंजिन पकडणार नाही. माझ्यावर ही वेळ जुलैत, किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये आली होती, मागच्या सीटवर दुधाची कॅन घेऊन. तेव्हा सगळ्या काचा खाली करा, रेडिओ बंद करा, किल्ली फक्त 'ऑन'पर्यंत फिरवा आणि कान द्या. मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची बारीक गुणगुण यायला हवी. आली नाही, तर डॅशबोर्डखालच्या मेन रिलेच्या, म्हणजे पंपाला वीज देणाऱ्या स्विचच्या, झाळणीला तडा गेलाय. जुन्या होंडांचा हा ठरलेला आजार. दारं उघडी टाकून वीस मिनिटं सावलीत थांबा, थंड झाल्यावर तडा मिटतो आणि गाडी घरी येते. घरी रिले उघडून ती झाळणी पुन्हा गरम करून घेतली की काम होतं. मी नवा रिले बसवला, आणि झाळून दुरुस्त केलेला जुना ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवलाय.